नेम

मराठीत 'नेम' हा शब्द मोठा मजेदार आहे. बंदूकवाला नेम धरतो आणि माझी आजीही नेम धरते. बंदूकवाल्याचा नेम चुकला तर निशाण हुकते. आजीचा नेम चुकला, म्हणजे एखाद्या दिवशी तुळशीला पाणी घालायचे राहिले, तर तिला दिवसभर चुटपुट लागते. एकाच शब्दाच्या पोटात रोखलेली दृष्टीही आहे आणि रोज न चुकता करायची गोष्टही आहे. हे दोन अर्थ कोणी मुद्दाम शेजारी बसवले नसतील. पण तीन वर्षे राष्ट्रीय छात्रसेनेत काढल्यावर, पॉइंट टू टू रायफलीमागे पालथे पडून कोपरे सोलून घेतल्यावर, मला असे वाटू लागले आहे की पहिला नेम दुसऱ्या नेमातूनच जन्माला येतो. मला सांगायचे आहे ते एवढेच. मात्र त्याला शेवटी एक मोठा 'पण' जोडायचा आहे.

आमच्या छात्रसैनिकांत एक वाद वर्षभर चालतो. नेमबाजी चांगल्या रायफलीने होते की चांगल्या हाताने? एक पक्ष मोबाइलवर जर्मन रायफलींची चित्रे दाखवतो. वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, अन्शुट्झ ही नावे तो मंत्रासारखी म्हणतो. लाखांच्या घरातले हे शस्त्र हाती आले असते तर आपणही काहीतरी करून दाखवले असते, असा त्याचा सूर. दुसऱ्या पक्षाकडे एकच हत्यार, तेही जुने आणि धारदार : नाचता येईना अंगण वाकडे! चहा निवेपर्यंत वाद होतो आणि तास सुरू झाल्याची घंटा झाली की तो दुसऱ्या दिवसावर ढकलला जातो. मला दोन्ही पक्ष अर्धेच बोलताना दिसतात. अंगण खरोखर वाकडे असू शकते. प्रश्न असा की आपण वाकड्या अंगणात नाचून पाहिले आहे का?

गेल्या वर्षीच्या शिबिरात आमच्या वाट्याला आलेल्या रायफलींपैकी एक विशेष बदनाम होती. दस्त्याचा टवका उडालेला, पट्टा कळकट. ती 'डावीकडे मारते' अशी सगळ्याच मुलींची तक्रार. छात्रसेनेत शिकवायला येणाऱ्या लष्करी हवालदारांना आम्ही उस्ताद म्हणतो. आमच्या उस्तादांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली, तीच रायफल उचलली, पालथे पडून २५ मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडल्या आणि कागद मागवला. एकही गोळी मध्यावर नव्हती! पाचही भोके मध्यापासून चार बोटे डावीकडे, किंचित खाली. पण सगळी मिळून एका आगपेटीखाली झाकली जातील एवढ्याच जागेत.

"राइफल बाएँ मारती है, बात सही है," उस्ताद म्हणाले. "लेकिन आप लोगों के टारगेट पर तो दाएँ भी है, ऊपर भी है, नीचे भी है."

आम्ही हसलो खऱ्या, पण त्या वाक्यात नेमबाजीचे अर्धे शास्त्र होते. रायफलीचा दोष एका दिशेने जातो; माणसाचा दोष दाही दिशांनी. रायफल डावीकडे मारत असेल तर ती आजही डावीकडे मारील आणि उद्याही. तिच्या साइटला एक पीळ दिला, किंवा तेवढाच नेम उजवीकडे धरला, की हिशेब मिटला. माणूस मात्र कधी श्वास घेतो, कधी बिचकतो, कधी निकाल पाहायची घाई करतो. त्याच्यासाठी कोणता स्क्रू पिळायचा? म्हणूनच छात्रसेनेत नवशिक्याचे गुण आधी मोजत नाहीत. त्याचे 'ग्रुपिंग' मोजतात. गोळ्या कुठे लागल्या हा प्रश्न नंतरचा. त्या एकमेकींजवळ लागल्या का, हा पहिला. जुन्या रायफलीची नळी झिजलेली असते, त्यामुळे तिच्याही गोळ्या थोड्या पसरतात, हे खरे. पण तो पसारा आगपेटीएवढा. आमचा पसारा ताटाएवढा. आगपेटी आणि ताट यांच्यामध्ये जी जागा उरते ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

हा पसारा होतो कसा, याचे गणित कलाशाखेच्या विद्यार्थिनीलाही जमेल इतके सोपे आहे. रायफलीच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये ६० सेंटिमीटरचे अंतर धरा. २५ मीटर म्हणजे या अंताराच्या जवळजवळ ४२ पट. तेव्हा पुढची माशी तिच्या जागेवरून फक्त १ मिलिमीटर ढळली की कागदावर गोळी चार सेंटिमीटरहून अधिक ढळते. एक मिलिमीटर म्हणजे काय? नखाच्या कडेला साचलेला मळ. तेवढ्या थरथरीने मधला काळा गोल हुकतो.

इथेच मला महाभारतातल्या एका जुन्या गोष्टीला हात लावावा लागतो. द्रोणाचार्यांनी विचारले आणि अर्जुनाने सांगितले की मला फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो. शाळेपासून आपण ही गोष्ट एकाग्रतेचा धडा म्हणून ऐकत आलो. उस्तादांनी मात्र पहिल्याच दिवशी नेमके उलटे सांगितले. साध्या साइटच्या रायफलीवर नजर लक्ष्यावर ठेवायचीच नाही. ती पुढच्या माशीवर ठेवायची. माशी स्वच्छ आणि लक्ष्य धूसर दिसले पाहिजे. डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू नीट पाहू शकतो, आणि वर सांगितलेल्या गणितामुळे चूक जी होते ती जवळ होते, लांब नाही. नवशिका हमखास लक्ष्याकडे पाहतो, कारण गुण तिथे आहेत. गुणांवरची नजर काढून हातातल्या वस्तूवर ठेवायला शिकणे, हे परीक्षार्थी विद्यार्थ्यांना किती अवघड जात असेल, ते प्राध्यापकवर्गाने समजून घ्यावे!

बाकीचे शिक्षण उस्तादांच्या तीन सूत्रांत होते : मजबूत पकड, दुरुस्त शिस्त आणि ट्रिगर ऑपरेशन. यातला मधला शब्द ऐकून आम्ही पहिल्या दिवशी गणवेश नीट केला. लष्करी हिंदीत शिस्त घेणे म्हणजे नेम धरणे, हे नंतर कळले. तिकडे शिस्त म्हणजे नेम, आणि आपल्याकडे शिस्त म्हणजे नेम पाळणे. दोन भाषांनी मिळून केलेला हा विनोद मला अजून पुरतो.

या तीन सूत्रांतले बहुतेक काम गोळी न झाडता करायचे असते. पालथे पडून शरीर असे बसवायचे की रायफलीचे वजन स्नायूंवर नव्हे, हाडांवर यावे. मग डोळे मिटायचे, अंग सैल सोडायचे आणि पुन्हा उघडायचे. माशी लक्ष्यावरच असेल तर बैठक बरोबर. सरकली असेल तर हाताने ओढून आणायची नाही, सगळे शरीरच सरकवायचे. कारण ओढून आणलेला नेम चाप दाबताच आपल्या जागी परत जातो. श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबायचे. चाप झटक्याने ओढायचा नाही. लिंबू पिळावे तसा हळूहळू भार वाढवत न्यायचा, इतका की गोळी सुटलेली आपल्यालाच अनपेक्षित वाटावी. आणि गोळी सुटल्यावरही डोके उचलायचे नाही. गोळीला नळीबाहेर पडायला सेकंदाचे काही सहस्रांश लागतात. तेवढ्यात उतावळा माणूस पुष्कळ काही बिघडवू शकतो.

याचा रियाज कसा करायचा? चेंबरमध्ये वापरलेले रिकामे काडतूस घालायचे, म्हणजे आतली पिन खराब होत नाही. नळीच्या टोकाशी एक नाणे ठेवायचे आणि चाप दाबायचा. नाणे पडता कामा नये. ही गोष्ट लागोपाठ वीस वेळा करून पाहा, म्हणजे नेमबाजी हा बसून करायचा खेळ आहे अशी जी समजूत असते ती घामाबरोबर निथळून जाते. सुट्टीत रायफल मिळत नाही. ती शस्त्रागारात कुलूपबंद, आणि तेच योग्य. म्हणून मी घरी आईचे मुसळ घेऊन बैठकीचा सराव करी. लांबी जवळपास तीच, वजनही हाताला जाणवेल एवढे. "अगं, मिरच्या कुटायला मुसळ मागितलं तर ही त्याला खांद्याशी धरून पडलीय," असे आईने शेजारच्या काकूंना सांगितल्यापासून गल्लीत माझी जी कीर्ती झाली ती अजून आहे. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवण्याची सोय या खेळात नाही. खांदा आपलाच तयार करावा लागतो.

केवळ आमच्या शिबिरातला अनुभव सांगून भागणार नाही, म्हणून मोठ्या मैदानांकडे जाऊ. सिमो हायहा हा फिनलंडचा एक शेतकरी आणि शिकारी. १९३९-४० च्या हिवाळ्यात सोव्हिएत सैन्याविरुद्ध लढताना त्याने दुर्बीण लावलेली रायफल न वापरता साध्या साइटची रायफल पसंत केली. दुर्बिणीतून पाहायला डोके वर उचलावे लागते आणि थंडीत काच धुरकटते, हे त्याचे कारण. त्याने टिपलेल्या सैनिकांची संख्या पाचशेहून अधिक सांगतात. माणसे मारण्याच्या या हिशेबाजवळ मला फार वेळ थांबवत नाही. म्हातारपणी कोणी त्याला रहस्य विचारले, तेव्हा त्याने 'सराव' एवढेच उत्तर दिले, तेवढे लक्षात ठेवून पुढे जाते.

अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स मला अधिक जवळचा वाटतो. २००४ च्या ऑलिंपिकपूर्वी कोणीतरी त्याची रायफल मुद्दाम खराब केली. बरोबरीच्या एका नेमबाज मुलीची रायफल उसनी घेऊन तो अथेन्सला गेला आणि ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथ्या स्थितीतल्या स्पर्धेत, सुवर्णपदक जिंकला. उसन्या रायफलीवर ऑलिंपिक सुवर्ण! आमच्या वादातल्या दुसऱ्या पक्षाने इथे टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण गोष्ट पुढे आहे. थोड्याच दिवसांनी तीन स्थितींच्या स्पर्धेत तो शेवटच्या गोळीपर्यंत आघाडीवर होता. साधारण गोळी लागली असती तरी दुसरे सुवर्ण त्याचे होते. त्याने ती गोळी अचूक झाडली, पण शेजारच्या स्पर्धकाच्या लक्ष्यावर! गुण शून्य, आणि तो एकदम आठवा. त्या संध्याकाळी त्याचे सांत्वन करायला आलेल्या कॅटरिना कुर्कोव्हा या चेक नेमबाजाशी पुढे २००७ साली त्याचे लग्न झाले, ही या गोष्टीची गोड बाजू. पण आपला मुद्दा असा की उसनी रायफल त्याला आड आली नाही आणि त्याचा कसलेला हातही त्याला वाचवू शकला नाही. त्या एका क्षणी मन कुठे होते, यावर सगळे अवलंबून राहिले.

श्रीमंत घरातल्या मुलाचीही बाजू ऐकली पाहिजे. अभिनव बिंद्राला घरच्या आवारातच रेंज होती; कोणत्याही उपकरणासाठी त्याला थांबावे लागले नाही. तरी अथेन्सच्या अंतिम फेरीत तो सातवा आला. चार वर्षांनी, २००८ साली बीजिंगला, दहा मीटर एअर रायफलमध्ये शेवटच्या गोळीपूर्वी तो आणि फिनलंडचा स्पर्धक बरोबरीत होते. या खेळात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात. बिंद्राने १०.८ ची गोळी मारली आणि भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळाले. त्याआधी भीतीवर मात करण्यासाठी तो जर्मनीत एका उंच खांबावर चढला होता, असे त्याने सांगितले आहे. घरातली रेंज पैशाने आली. खांबावर चढताना पाय त्याचेच लटपटले असणार. खेळाचे नियम करणाऱ्यांनाही हे माहीत आहे. म्हणून त्यांनी नेमबाजाच्या कोटाच्या कापडाची जाडी अडीच मिलिमीटरवर आणि एअर रायफलीचे वजन साडेपाच किलोंवर बांधून ठेवले आहे. साधनाने माणसाच्या पुढे पळू नये, एवढाच त्याचा अर्थ.

इथे लेख संपवला असता तर तो उपदेशपर ठरून छानच दिसला असता. आता तो 'पण'.

आमच्या शिबिरात माझ्याबरोबर एक मुलगी होती. तिचे नाव मी लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही. वडील दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. ती पहाटे धारा काढून सात किलोमीटर सायकल मारून परेडला येई. मुसळाची युक्ती मला तिनेच शिकवली. दुसऱ्या वर्षाअखेर त्याच डावखुऱ्या रायफलीवर तिच्या पाच गोळ्या उस्तादांप्रमाणेच एका आगपेटीखाली झाकल्या जाऊ लागल्या. उस्तादांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि ते म्हणाले, "बेटा, अब राइफल की हद आ गई."

त्यानंतर ती एका खुल्या स्पर्धेला गेली. तिथे बाकीच्या मुली आपापल्या रायफली घेऊन आल्या होत्या. पैशाने नेमके काय मिळते ते तिने तिथे पाहिले. उंचीप्रमाणे मागेपुढे होणारा दस्ता. आमच्या चापाला बोट वाकवून ओढावे लागते, तिथे तो नुसत्या स्पर्शाला सुटतो. एका 'टिक्'सरशी कणभर सरकणारी साइट. पाठीला आधार देणारा ताठ कोट. शिवाय, या रायफलीला कोणती गोळी मानवते हे पाहून निवडलेली काडतुसे. यातली एकही वस्तू नवशिकीच्या ताटाची आगपेटी करू शकत नाही. पण आगपेटीपासून नखाएवढ्या जागेपर्यंत जायचे असेल, तर यातली प्रत्येक वस्तू लागते. ती परत आली तेव्हा म्हणाली, "हात कमी पडला असता तर घरी सांगितलं असतं गं. हे कसं सांगू?" त्यानंतर ती रेंजवर आली नाही. आता ती पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करते, आणि तोही नेमाने.

मला वाटते, साधन ही माडीची उंची आहे आणि सराव हा जिना. जिना न चढता माडी ठेंगणी असल्याची तक्रार करणारे आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांना अंगणाची म्हण खुशाल ऐकवावी. पण जिची टाळू आढ्याला लागली आहे तिला तीच म्हण ऐकवणे हा अन्याय आहे. शिवाय सराव फुकट असतो हेही एका पायरीपर्यंतच खरे. मुसळ फुकट आहे. गोळी फुकट नाही. 'फक्त मेहनत करा' हा सल्ला देणाऱ्याला काहीच खर्च पडत नाही, म्हणून तो इतका उदारपणे दिला जातो.

आपल्या भागाचीच उदाहरणे पाहा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक जिंकला. या प्रकारात भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक. त्याच्या मेहनतीविषयी सगळ्यांनी लिहिले, आणि ते योग्यच. पण त्या मेहनतीच्या पाठीशी राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी होती, नंतर रेल्वेची नोकरी होती, आणि शिक्षक असलेल्या वडिलांनी काढलेले कर्जही होते, असे तेव्हा वर्तमानपत्रांतून आले. त्याच्याआधी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते ७२ वर्षांपूर्वी, १९५२ साली हेलसिंकीला, खाशाबा जाधवांचे. कुस्तीला रायफल लागत नाही; लंगोट आणि तांबडी माती पुरते. तरीही हेलसिंकीला जाण्याच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ज्या खेळात साधनच नाही तिथेही एका टप्प्यावर कोणाला तरी घर गहाण टाकावे लागले! आणि ते टाकणारा एका महाविद्यालयाचा प्राचार्य होता.

आमच्या गुरुजनांनी घरे गहाण टाकावीत असे मी सुचवीत नाही, याची त्यांनी खात्री बाळगावी. एवढेच सुचवायचे आहे की कोणाची टाळू आढ्याला लागली, हे ओळखण्याची काहीतरी सोय आपल्याकडे असावी. 'मला चांगली रायफल हवी' असे तर सगळेच म्हणतात. त्यातला रडका आवाज कोणता आणि खरा कोणता, हे कळल्याशिवाय कार्यालयाने तरी पैसे कशावर द्यावेत?

त्यासाठी यंदा आम्ही एक वही घातली आहे. शंभर पानी, साधी. डाव्या पानावर प्रत्येक रायफलीचा क्रमांक आणि उस्तादांनी तिच्यावर काढलेल्या गटाची रुंदी, सेंटिमीटरमध्ये. तो त्या रायफलीचा आकडा. उजव्या पानावर आमची नावे, तारखा आणि आमचे आकडे. आज बहुतेक उजवे आकडे डाव्याच्या तिप्पट-चौपट आहेत. तेव्हा आम्हा बहुतेकांना नवी रायफल नको, मुसळच हवे. पण ज्या दिवशी कोणा मुलीचा उजवा आकडा डाव्याला जाऊन भिडेल, त्या दिवशी ती वही घेऊन आम्ही सगळ्या मिळून जिमखान्याच्या सरांकडे आणि तिथून प्राचार्यांकडे जाणार आहोत. निदान एक कोट, काही चांगली काडतुसे आणि बऱ्या रायफलीवर सराव करता येईल अशा रेंजपर्यंतचे एस.टी.चे भाडे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

माझ्या त्या मैत्रिणीचा कागद मी जपून ठेवला होता. तो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे. आकडा तीन सेंटिमीटर, दोन मिलिमीटर. रायफलीचा आकडाही तोच.

(तृतीय वर्ष, कला)